ओटीभरणाची व्हॅनिटी

ओटीभरणाची ऑर्डर असली की मी नवरीची व्हॅनिटी पार्लरमध्येच ठेवते. या कामासाठी वेगळी, लहान पेटी केली आहे. तिच्यात सेटिंग स्प्रे नाही, सेंट नाही, खोट्या पापण्यांचा डिंक नाही. एक फाउंडेशन, एक कॉम्पॅक्ट, चार लिपस्टिक, काजळ, धुऊन वाळवलेले ब्रश, स्वच्छ नॅपकिन, बिस्किटाचा पुडा आणि एक लिंबू. लिंबू मेकअपचं नव्हे. फाउंडेशनच्या नुसत्या वासानं पोटात ढवळणाऱ्या पोरी असतात, त्यांना हुंगायला देते.

माझं पार्लर वर्ध्यात, आर्वी नाक्याकडे. लग्नसराई सरली की हात रिकामे राहत नाहीत ते ओटीभरणामुळे. पूर्वी सातव्या महिन्यात घरातल्या घरात पाच सवाष्णी बोलवायच्या, हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वेणी, की झाली ओटी भरून. आता छोटा हॉल घेतात, चंद्रकोरीचा झोपाळा भाड्यानं येतो, फोटोवाला सकाळपासून लाइट लावून बसतो. सेलू, देवळी, हिंगणघाट, कुठूनही फोन येतो. पहिली विचारणा पैशांची. मग आवाज जरा खाली जातो. “ताई, बाळाले काही होणार नाही नं?”

या प्रश्नाला मी लगेच ‘काही नाही होत’ म्हणत नाही आणि घाबरवतही नाही. तीन तास चेहऱ्यावर बसणारं, रात्री धुऊन टाकलं जाणारं, नावगाव असलेल्या कंपनीचं फाउंडेशन किंवा लिपस्टिक यानं पोटातल्या बाळाला अपाय होतो असं कुठल्याही डॉक्टरनं मला सांगितलेलं नाही. माझी धास्ती निराळी आहे. मी लावते त्याची नाही. मी येण्याच्या आधी पाच-सहा महिने ती रोज रात्री काय लावून झोपते, त्याची.

म्हणून कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी चेहरा बघायला जाते. जाते तेव्हा सांगून ठेवते की तोंडाला लागतं ते सगळं एका थैलीत भरून ठेव. त्या थैलीतून बाईचं अख्खं वर्ष बाहेर पडतं. ऑनलाइन मागवलेलं सीरम, बहिणीनं दिलेलं अर्धं वापरलेलं फेसवॉश, मेडिकलमधून आणलेली चेपलेली ट्यूब, आणि फार वेळा तळाशी एक पांढरी प्लास्टिकची डबी. झाकणावर सोनेरी स्टिकर, त्यावर एका गोऱ्या बाईचं तोंड. बाकी काही नाही. कुठे बनली, कधी बनली, आत काय आहे, एक अक्षर नाही. उघडली की आत साईसारखी पिवळट-करडी क्रीम.

“हे कुठून घेतलं?”

“पार्लरमधूनच. मी त लग्नाच्या आधीपासून लावून राहिली. रात्री लावाची, सकाळी धुवाची. गळ्यातलं, कानातलं काढून लावा म्हणे त्या.”

मी जी थांबले ती या शेवटच्या वाक्यावर. दागिने काढून क्रीम लावायला सांगणं म्हणजे आत काय आहे याची जवळजवळ कबुलीच. सराफाच्या दुकानात कोणालाही विचारा, सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं. पारा घातलेल्या क्रीमवर सोन्या-चांदीपासून दूर ठेवा अशी सूचना असते, आणि डबीवर छापायला जागा नसली तर विकणारी ती तोंडी देते.

पाऱ्याचे क्षार कातडीतला रंग तयार होणं थांबवतात, म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळतो आणि बाई खूश होते. पण पारा कातडीतून रक्तात उतरतो, मूत्रपिंडाला धरतो, वारेतून बाळाकडेही जातो. शिवाय तो लावणाऱ्या एकटीपुरता राहत नाही. हात, उशी, टॉवेल यांवरून घरातल्या लेकरांच्या अंगालाही लागतो.

ही गोष्ट दूर कुठली नाही. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या विदर्भातल्याच अकोल्याची बातमी पेपरात आली होती. एक कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता घेता माग निघाला तो तिघी लावत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत. तिच्यात पारा सापडला. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही गोरं करणाऱ्या क्रीम वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचे असेच रुग्ण नोंदवले. अकोल्याच्या बातमीतलं एक वाक्य मला फार लागलं. क्रीम घेतली होती ती एका ब्युटिशियनकडून. म्हणजे आमच्याच धंद्यातल्या बाईकडून. आमच्यातल्या कितीतरी जणींना डबीत काय आहे ते ठाऊकच नसतं. होलसेलवाला देतो, नफा बरा सुटतो, गिऱ्हाईक परत येतं, एवढंच माहीत असतं. माझ्या काउंटरवरही असे माल घेऊन येतात. बिल मागितलं की फिरकत नाहीत.

कायदा कच्चा नाही. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत डोळ्यांची प्रसाधनं सोडून बाकी कशातही पारा घालायला मनाई आहे. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एका भागाच्या वर चालत नाही. डबीवर कारखान्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि आतल्या घटकांची यादी असावी लागते. मी पोरींना एवढंच शिकवते: डबी उलटी कर आणि वाच. वाचायला काही नसेल तर घंटागाडीत टाक. ‘प्रेग्नन्सी-सेफ’ असं पुढून मोठ्या अक्षरांत लिहिलं असेल तरी मागून वाच. तसा काही वेगळा परवाना सरकार देत नाही, ते शब्द कंपनीचे असतात.

ट्यूबचा मामला आणखी अवघड, कारण ती मेडिकलमधून आलेली म्हणजे औषध, आणि औषध म्हणजे चांगलं, असा हिशेब असतो. पोटात बाळ असताना गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी वांग उठतात. शरीरातल्या बदलांनी उठतात, उन्हानं गडद होतात, आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचे हळूहळू फिके पडतात. पण फिके पडेपर्यंत दम धरणार कोण? शेजारीण ट्यूबचं नाव सांगते. त्या ट्यूबमध्ये बरेचदा तीन गोष्टी एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. पहिलं कातडीतून बऱ्यापैकी आत शिरतं, म्हणून डॉक्टर गरोदरपणात नको म्हणतात. दुसरं अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. मुरुमांसाठी त्याच घराण्याची आयसोट्रेटिनॉइनची गोळी पोटात घेतली तर बाळात व्यंग येऊ शकतं, हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून क्रीमसुद्धा टाळायला सांगतात. ऑनलाइन सीरममधलं रेटिनॉलही याच घरचं. तिसऱ्यानं, म्हणजे स्टेरॉइडनं, चेहरा आधी काचेसारखा होतो. मग कातडी पातळ पडते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, आणि ट्यूब सोडली की आग आग होते. कडक स्टेरॉइड भरपूर लावल्यास बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध दिसून आलेला आहे. २०१८ मध्ये सरकारनं अशा बऱ्याच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असं ठरवलं. ठरवलं खरं.

अशी ट्यूब थैलीतून निघाली की मी ती फेकायला लावत नाही. तिचा फोटो काढते आणि म्हणते, पुढच्या तपासणीला हा डॉक्टरांना दाखव. एकदम बंद कर म्हणणं माझ्या अखत्यारीत नाही, चेहरा भडकतो. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात जाणारी असेल तर काम सोपं होतं. त्वचेचा विभाग तिथेच, बाळंतपणाचा विभागही तिथेच.

मग लावायचं तरी काय, असं विचारतात. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन आणि स्कार्फ. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गाडीवर बसलेली प्रत्येक पोरगी डोळे तेवढे उघडे ठेवून तोंड गुंडाळते. वांगांवर याहून स्वस्त इलाज मला माहीत नाही. वर्धा पडलं गांधी-विनोबांचं गाव, त्यामुळे ‘नैसर्गिकच पाहिजे’ म्हणणाऱ्याही पुष्कळ भेटतात. बेसन, दूध, मसूर डाळ लावा, खुशाल लावा. पण ‘हर्बल’ छापलेली डबी पुढे केली की मी त्यांना सांगते, पारा आणि शिसं हेही निसर्गातलंच आहे.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे ते मला कळत नाही असं नाही. ओटीभरणात सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून बायका बोलतात. “काळवंडली जी, पोरगाच होते पाहा.” “केशर-दूध पाज तिले, लेकरू गोरं होईल.” त्या बोलण्यातूनच ती डबी घरात येते. माझी पेटी काय, उशिरा येते.

शिशाचं म्हणाल तर लिपस्टिकपेक्षा माझी नजर भांगावर आणि डोळ्यांवर असते. आपल्याकडे खरं कुंकू हळदीवर चुन्याची आणि तुरटीची प्रक्रिया करून होत असे. तसलं मिळालं तर प्रश्नच नाही. पण आता सिरियल पाहून भांगात शेंदूर भरायची हौस आली आहे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठानं २०१७ मध्ये शेंदराचे ११८ नमुने तपासले होते. त्यांत मुंबई-दिल्लीहून नेलेलेही होते. त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांत शिसं निघालं, काहींत फारच जास्त. शिसं वारेतून बाळाकडे जातं. बाळाच्या वाढत्या मेंदूला ते चालत नाही. सुरमा तर मुळात शिशाच्याच खनिजाचा. म्हणून माझ्या पेटीत काजळ आहे, सुरमा नाही. भांगात रंग हवाच असेल तर लिपस्टिकची एक रेघ ओढते, फोटोत कोणाला कळत नाही. टिकलीबद्दल एवढंच की स्वस्तातल्या डिंकानं कपाळावर पांढरा डाग पडतो. खाज आली तर कुंकवावर या.

मेहंदीवर मात्र दर ऑर्डरला भांडण. खरी मेहंदी नारिंगी चढते आणि दुसऱ्या दिवशी गडद होते. अर्ध्या तासात काळीभोर पाहिजे असेल तर त्या कोनात मेहंदीपेक्षा इतर माल जास्त असतो. केस रंगवण्यात असतं ते पीपीडी त्यात असू शकतं. त्यानं हातावर फोड आलेली पोरगी मी पाहिली आहे, नक्षीच्या रेघेरेघेवर फोड, जणू कोणी तापल्या तारेनं ती नक्षी काढली असावी. गरोदर बाईला अशी ॲलर्जी झाली तर औषध देतानाही डॉक्टरांना दहादा विचार करावा लागतो. त्यामुळे ‘इमर्जन्सी कोन’ माझ्याकडे मिळत नाही. पानं वाटून, तेल-साखर घालून आदल्या रात्री लावा, नाहीतर नुसता आळता लावा. चेहऱ्याला लागणारी वस्तूही मी बघायला जाते त्या दिवशीच कोपराच्या आतल्या बाजूला लावून येते आणि दोन दिवसांनी फोन करते. पोटुशीची कातडी हट्टी होते. लग्नात चाललेलं फाउंडेशन सातव्यात चालेलच असं नाही.

आता ज्या ऑर्डरनंतर मी फोनमध्ये चेहऱ्याचा फोटो ठेवायला लागले, तिचं सांगते. सेलूकडचं गाव. मार्चचा शेवट, ऊन चढलेलं. चेहरा बघायला गेले होते तेव्हा पोरगी हसरी, गालांची हाडं दिसणारी. आठवड्यानं मेकअपला बसवली तर तोंड भरलेलं. सासूबाई म्हणाल्या, “सातव्यात अंगावर सूज येतेच. मले बी आली होती.” असेल. पाय सुजतात, खूपजणींचे सुजतात. पण मी डोळ्यांचा मेकअप करायला वाकले आणि पापणीची घडी सापडेना. आयशॅडोची रेघ आम्ही त्या घडीवर बेतून ओढतो. आठवड्यापूर्वी होती, मी तिथेच ब्रश टेकवून रंग पाहिला होता. आता पापणी सपाट, फुगलेली.

तेवढ्यात चुडा भरायला कासारीण बसली. “दोन-सहा लागते म्हणे हिले,” म्हणून तिनं बांगड्या काढल्या. दोन-सहा सोडा, दोन-आठही अंगठ्याच्या हाडाशी अडली. साबण लावू म्हणाली. मी तिच्या मनगटावर बोट दाबलं, उचललं, तर खळगा तसाच.

“डोकं दुखते का गं?”

“सकाळपासून. उन्हाचं असंल.”

“डोळ्यांपुढं?”

“चमचम होऊन राहिली.”

बाहेर फोटोवाला घाई करत होता. अशा चेहऱ्याला आम्ही काय करतो, ते मला पाठ आहे. गालाखाली, जबड्याला गडद छटा दिली की फोटोत चेहरा बारीक दिसतो. दहा मिनिटांचं काम. सूज लपते आणि सगळे म्हणतात, किती छान दिसते. मी ब्रश खाली ठेवला आणि आलेल्या बायकांत गावच्या आशाताई, म्हणजे आशा कार्यकर्त्या, आहेत का विचारलं. होत्या, ओटी भरायलाच आल्या होत्या. त्यांनी बीपीचं मशीन आणवलं. वरचा आकडा १६० च्या पुढे. वीस आठवड्यांनंतर १४०/९० हीच धोक्याची रेघ असते, हे त्यांनी सासूबाईंना माझ्यासमोर समजावलं. मागच्या ९ तारखेच्या तपासणीला पोरगी गेली नव्हती. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी होते, पण त्या ९ तारखेला सगळे ओटीभरणाची साडी घ्यायला नागपूरला गेले होते.

तिला अर्ध्या मेकअपमध्येच गाडीत बसवलं. वाटेत मी ओल्या नॅपकिननं ओठांचा आणि गालांचा रंग काढून टाकला. डॉक्टरांना ओठ फिके आहेत की निळे, खालची पापणी पांढरी आहे का, हे बघायचं असतं, आणि आमचा सगळा धंदा ते झाकण्याचा. सेवाग्रामला लघवी तपासली, प्रथिनं निघाली, तिला ठेवून घेतलं. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार. गोळ्या सुरू झाल्या, पुढे बाळंतपण थोडं आधी करावं लागलं, दोघंही घरी आले. फुलांचे दागिने तिच्या नणंदेनं घालून फोटो काढले असं नंतर कळलं. घरच्यांनी अर्धा ॲडव्हान्स परत मागितला, मी दिला. त्यांचा हॉलचा खर्च बुडाला होता.

बीपी मोजणं माझं काम नाही आणि मी ते करतही नाही. फक्त आता थैलीबरोबर माता-बाल संरक्षण कार्डही मागते. शेवटची तपासणी कधीची, तेवढं बघते. “पार्लरवालीले कार्ड कायले पायजे?” असं एका सासऱ्यांनी दारातूनच विचारलं होतं. त्यांच्या सुनेनंच आतून कार्ड आणून दिलं.

बसवण्याचंही शिकावं लागलं. नवरीला आम्ही खुर्ची मागे पाडून जवळपास आडवी करतो, डोळ्यांचं काम सोपं होतं. सातव्या-आठव्यातली बाई उताणी निजली की गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर पडतो, रक्त हृदयाकडे कमी येतं, गरगरायला लागतं. म्हणून उशा लावून अर्धवट बसती, थोडी डाव्या कुशीकडे. खिडकी उघडी. मध्येच उठून जाऊ द्यायचं, लघवीला दर अर्ध्या तासानं लागते, त्यात लाजायचं काय? पोटात काही असल्याशिवाय ब्रशला हात लावत नाही. बिस्किटाचा पुडा त्यासाठी. ओटी भरेपर्यंत उपाशी राहायचं असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

स्ट्रेटनिंग, केराटिन, स्मूदनिंग यांच्या चौकशीला मी थेट नाही म्हणते. गरम इस्त्री फिरली की त्यातून निघणाऱ्या वाफेत फॉर्मल्डिहाइड असू शकतं, आणि आमच्या पार्लरची खोली असते दहा बाय बाराची. डोळे माझेही चुरचुरतात. केस रंगवायचे तर तीन महिने होऊन जाऊ द्या, डॉक्टरांना विचारा, मग बघू. थ्रेडिंग, साधं वॅक्सिंग चालतं, दुखतं जरा जास्त.

सगळ्यात जास्त रुसवे होतात ते नखांवरून. नवव्यात जेल नखं लावून मागतात, बाळाचं बोट धरलेला फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा असतो म्हणून. सिझेरियनच्या टेबलावर बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावतात. गडद पॉलिश किंवा जेल असलं की आकडा चुकू शकतो. रक्त कमी असलं तर नखं पांढुरकी दिसतात, तेही रंगाखाली झाकलं जातं. साधी पॉलिश नर्स जागच्या जागी पुसून टाकेल. जेल घासून, ॲसिटोनमध्ये भिजवून काढावं लागतं, कळा सुरू झाल्यावर ते कोण करत बसणार? म्हणून आठवा सरला की मी जेल लावत नाही, कोणाचं असलं तर फुकट काढून देते. यावरून एक गिऱ्हाईक रागावून समोरच्या गल्लीतल्या पार्लरला गेलं. पंधरवड्यानं तीच बाई माझ्या दारात, दहाही बोटं लालचुटूक. डॉक्टरांनी काढून या म्हणून सांगितलं होतं, आणि तिथे काढायचे तीनशे मागत होते.